दोन पानांवरचं रोप आणि तांबडे भुंगेरे: कसबा बावड्यातल्या एका परसबागेचं प्रकरण

वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. "ताई, सगळी रोपं गेली. नुसत्या काड्या ऱ्हायल्यात. जरा येऊन बघा की." फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. कृषी सहायक म्हणून नोकरीत असताना माझा सगळा वेळ उसात आणि भुईमुगात गेला. निवृत्त झाल्यापासून मात्र परसबागवाल्यांचीच बोलावणी जास्त येतात, आणि मला ती आवडतातही. शेतातलं नुकसान पिकाचं असतं, परसबागेतलं थेट जिवाला लागतं.

वहिनींचं घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आहे. घरामागं वीस बाय पंधरा फुटांची मोकळी जागा, मागं कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडं ऊस. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. त्यांनी भिंतीकडेनं आळी करून काकडी, दोडका, दुधी आणि कारलं टोकलं होतं. काकडी हिमांगी जातीची, दोडका फुले सुचेता जातीचा. बी चांगलं होतं आणि उगवणही झकास झाली होती. पहिली दोन जाड पानं वर आली आणि तीन दिवसांत काकडीच्या आळ्यात चार काड्या उरल्या. दोडक्याची पानं चाळणीसारखी झाली होती. दुधीचा शेंडाच खाल्ला होता. कारल्याची रोपं मात्र हिरवीगार, कुणी बोटही न लावल्यासारखी.

कारलं बघितल्यावरच माझी निम्मी शंका फिटली. भोपळावर्गीय वेलींवर येणारा हा तांबडा भुंगेरा. सहा ते आठ मिलिमीटर लांब, पाठ नारिंगी-तांबडी, पोटाकडनं काळा. काकडी, भोपळा, खरबूज म्हणजे याचा जीव की प्राण, आणि कारल्याला शक्यतो तोंड लावत नाही. लोकांना याचं नवल वाटतं, कारण काकडीवर्गात जो कडूपणा असतो त्याच्याच वासाला आणि चवीला तर हे भुंगेरे भुलतात. मग कारल्यानंच काय केलंय? तर कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्याचा असतो, आणि ते द्रव्य या भुंगेऱ्यांना खाण्यापासून परतवतं. आपल्या जिभेला दोन्ही कडूच, त्यांना नाही.

त्या दिवशी मी गेले तेव्हा ऊन चढलं होतं. पानाजवळ हात नेला की भुंगेरे भुर्रकन उडून भिंतीपलीकडं जायचे आणि दहा मिनिटांत परत यायचे. वहिनी हताश होऊन म्हणाल्या, "असंच करतायत. मारायला गेलं की पळत्यात, पाठ वळली की हजर." त्यांच्या हातात चप्पल होती. मी म्हटलं, आज काही करू नका, उद्या सकाळी साडेसहाला येते.

मी पोचायच्या आधी या घरात काय काय करून झालं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडं बहुतेक घरांत हाच क्रम असतो.

आण्णा, म्हणजे वहिनींचे सासरे, मूळचे शेतकरी. त्यांनी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळातून चुलवाणातली राख पोतंभर आणली आणि रोपांवर टाकली. उपाय खरा आणि जुना. पण राख टाकली भर दुपारी, कोरड्या पानावर. निम्मी वाऱ्यानं गेली. उरलेली संध्याकाळी वहिनींनी पाइपनं वरून पाणी मारून धुऊन काढली. दोघांनीही आपापलं काम मनापासून केलं, एकमेकांना सांगितलं मात्र नाही. आण्णांचं म्हणणं, "राख टाकली की पोरी, पर काय उपेग न्हाई." राखेचा दोष नव्हता.

मग लसूण-मिरचीचं पाणी झालं. वहिनींच्या नववीतल्या नातवानं डास मारायचा घरातला फवारा दोडक्यावर मारला, त्यानं पानांच्या कडा करपल्या आणि भुंगेरे दुसऱ्या दिवशी होतेच. तो फवारा खोलीत मारण्यासाठी असतो, खायच्या पिकावर मारण्यासाठी नाही, हे त्याला समजावून सांगितलं. बिचारा आजीच्या काकड्या वाचवायला धडपडत होता.

खरी काळजी वाटली ती पुढच्या गोष्टीची. आण्णांनी माळ्यावरून एक जुना पुडा काढून ठेवला होता. वरचं लेबल फाटलेलं, आत करडी भुकटी. "पूर्वी आम्ही दोडक्यावर हीच धुरळायचो. एका दिवसात साफ." मला तो वास ओळखीचा वाटला आणि मी पुडा लगेच बाजूला ठेवायला सांगितला. एके काळी या भुंगेऱ्यांसाठी कार्बारिल आणि मिथिल पॅराथिऑनच्या भुकट्या सर्रास वापरल्या जायच्या, शिफारशीतही असायच्या. 2018 साली केंद्र सरकारनं या दोन्हींवर बंदी घातली. जे औषध बंद झालंय, त्याच्या पुड्यावर नाव नाही, प्रमाण नाही, फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही हेही नाही, ते नातवंडं जिथली काकडी वेलीवरनंच तोडून खातात तिथं टाकायचं नाही. आण्णांना वाईट वाटलं. त्यांच्या अनुभवाला मी नाही म्हणतेय असं त्यांना वाटू नये म्हणून मी त्यांच्या राखेकडं परत वळले, पण ते पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वेलींवर दव होतं आणि हवेत गारवा. कालचे तेच भुंगेरे पानांखाली गप्प बसले होते. बोट लावलं तरी उडत नव्हते, फार तर पाय सोडून खाली पडायचे. मी वहिनींना जर्मनच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर भांड्यांचा साबण घालून आणायला लावलं. पातेलं पानाखाली धरायचं आणि वरून टिचकी मारायची, एवढंच काम. साबणाच्या पाण्यात पडलेला भुंगेरा वर येत नाही. काल चप्पल घेऊन तासभर पळापळ करून दोन मेले होते. त्या सकाळी वीस मिनिटांत नातवानं एकतीस मोजले आणि वहीत लिहिले. गर्मी झाली की यांना पंख फुटतात, पहाटे हे मातीच्या ढेकळासारखे असतात. फरक वेळेचा होता.

त्याच सकाळी मी नातवाला भिंग दिलं आणि एक भुंगेरा खाताना बघायला सांगितलं. दुधीच्या मोठ्या पानावर तो आधी गोल फिरला, कंपासनं आखल्यासारखी एक खाच पाडली, नऊ-दहा मिलिमीटरची, आणि मग त्या गोलाच्या आतलं पान खायला लागला. बाहेरच्याला शिवला नाही. नातवानं विचारलं, "आधी कुंपण का घालतोय?" पान चावलं की वेल बचावाचा चिकट रस तिकडं पाठवते. आधी गोल कापून घेतला की रसाच्या शिरा तुटतात आणि आतला भाग निर्धास्त खाता येतो. म्हणूनच या भुंगेऱ्यांनी खाल्लेल्या मोठ्या पानावर गोलसर भोकं दिसतात. ही खूण ध्यानात राहिली की दुसऱ्या किडीशी गल्लत होत नाही.

गल्लत मात्र या बागेत झालीच होती, शेजारच्या वांग्यात. तांबडं दिसेल ते मारायचं असं ठरवून वहिनींनी वांग्यावरचे आणि चवळीवरचे ठिपकेवाले किडेही वेचून मारले होते. त्यातले निम्मे ढालकिडे होते, मावा म्हणजे शेंड्यातला रस शोषणारे बारीक किडे खाणारे, आपले मित्र. परिणाम चवळीवर दिसत होता: शेंडे माव्यानं काळे पडले होते आणि मुंग्यांची रांग लागली होती. वांग्यावर खरोखर पान खाणारा एक ठिपकेवाला भुंगेरा असतो, एपिलॅक्ना. तो दिसायला ढालकिड्याचा सख्खा भाऊ, पण पाठ मळकट आणि बारीक लव असलेली. ढालकिड्याची पाठ तेल लावल्यासारखी चकचकीत. एपिलॅक्नाची अळी पिवळी आणि अंगभर काटेरी, ढालकिड्याची अळी काळपट, लांबोडकी, बारक्या मगरीसारखी. एपिलॅक्ना पानाचा हिरवा गर खरवडून शिरांची जाळी ठेवतो. एक चकचकीत आणि एक मळकट किडा काचेच्या बरणीत शेजारी शेजारी ठेवून दाखवल्यावर वहिनींना तो फरक आयुष्यभर पुरेल असा कळला. "आगं बाई, मी रोज आपलीच माणसं मारत होते," असं म्हणून त्या गप्प बसल्या.

हे येतात कुठून

सकाळी वेचायचं हे ठरलं. पण रोज एकतीस येत असतील तर रोज वेचूनही रोपं टिकणार नाहीत. म्हणून मी बाग फिरून बघितली. भिंतीवरच्या जाळीवर पावसाळ्यातल्या भोपळ्याचा वाळका वेल तसाच लटकत होता. त्याखाली पाचोळ्याचा ढीग. खतखड्ड्यावर टाकलेल्या बियांतून आपोआप उगवलेली भोपळ्याची चार रोपं होती आणि त्यांच्यावर तांबडे भुंगेरे राजरोस बसले होते. थंडीत हे प्रौढ भुंगेरे असाच वाळका कचरा, गवत, झुडपं धरून राहतात आणि ऊब वाढली की बाहेर पडतात. घरातल्या घरात त्यांना निवारा आणि खतखड्ड्यावर पंगत, दोन्ही मिळत होतं.

मग खुरपं घेऊन जुन्या भोपळ्याचं आळं उकरलं. वीतभर खाली मातीत पिवळसर पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या बारीक अळ्या निघाल्या आणि मातीच्या इवल्याशा घरट्यात दोन कोष. भिंतीपलीकडं ऊस असल्यामुळं आण्णांना आधी ही हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, वाटली. हुमणीची अळी जाड आणि अर्धचंद्रासारखी वळलेली असते, ही लहान आणि सरळ. भुंगेऱ्याची मादी वेलीच्या बुंध्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते. अळ्या मुळं खातात, जमिनीला टेकलेल्या फळातही शिरतात, आणि मातीतच कोष करतात. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिनाभर लागतो. म्हणजे पानावर जो दिसतो तो निम्माच, बाकीचा निम्मा पायाखाली वाढत असतो. वरून कितीही फवारलं तरी खालून नवी तुकडी येतेच, याचं कारण हे.

त्या दिवशी घरातल्यांपुढं मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मांडली. वेल वीस पानांची झाली की भुंगेऱ्यांनी दोन-चार पानांना भोकं पाडली तरी तिचं काही बिघडत नाही. ती खाऊ देत. पण पहिल्या दोन पानांत रोपाची सगळी शिदोरी असते आणि मध्ये एकच शेंडा असतो. तो खाल्ला की रोप संपलं. म्हणून आपली ताकद सगळा हंगाम वाटत बसायची नाही. उगवल्यापासून, पहिल्या दोन जाड पानांनंतरची चार-पाच खरी पानं येईपर्यंत, साधारण तीन आठवडे, डोळ्यांत तेल घालून राखायचं.

दुसरी टोकणी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाळका वेल काढला, पाचोळा उचलून खड्ड्यात खोल पुरला. सगळी आळी फावड्यानं वीतभर खणून माती उलटून आठ दिवस उन्हात टाकली. वर आलेले कोष आणि अळ्या साळुंक्यांनी आणि कोतवाल पक्ष्यानं टिपल्या, आम्हाला फारसं काही करावं लागलं नाही. बी या वेळी जमिनीत न टोकता कागदी कपांत लावलं आणि गच्चीवर, नव्या मातीत, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याखाली ठेवलं. या वर्गातल्या रोपांना मूळ दुखावलेलं चालत नाही, म्हणून कपाचा तळ फाडून कपासकट लावायचं. पाडव्याच्या आधी आठवडाभर रोपं आळ्यांत लावली आणि प्रत्येक आळ्यावर बांबूच्या कामट्यांची कमान करून मच्छरदाणी ताणली. कडा मातीत चार बोटं गाडल्या. कडा नुसती दगडानं दाबली तर भुंगेरा खालून शिरतो.

खतखड्ड्यावरची भोपळ्याची रोपं उपटायची नाहीत असं मी मुद्दाम सांगितलं. ती उघडी ठेवली, आमिष म्हणून. भिंतीपलीकडून येणारे भुंगेरे तिथं जमायचे आणि रोज सकाळी नातू पातेलं घेऊन तिथंच जायचा. वेचायला बागभर फिरावं लागलं नाही.

राखेचं काम परत आण्णांकडं दिलं. ती चाळणीनं चाळून घ्यायची, सकाळी दव असताना पानावर भुरभुरायची, अंगाला भस्म लावतात तितकीच पातळ. दवावर ती चिकटते आणि ऊन आलं की सुकून पानाला धरते. धुरळलेल्या पानावर भुंगेऱ्याला तोंड घालवत नाही. पाणी फक्त बुंध्याशी, वरून नाही. ढीगभर टाकायची नाही, कारण राख खारट असते आणि आळ्यात साचली की मुळांना सोसत नाही. आण्णा रोज सकाळी चहाच्या आधी हे करायचे. राख तीच, गुऱ्हाळातली, आता मात्र टिकली. एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला की मात्र ती धुऊन जायची आणि दुसऱ्या सकाळी परत टाकावी लागायची.

निंबोळी अर्कही केला. 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, थोडा साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचा. उन्हात याचा जोर लवकर उतरतो म्हणून संध्याकाळी. हा अर्क भुंगेऱ्याला पटकन मारत नाही, पान बेचव करतो. दुसऱ्या दिवशी किडे मेलेले दिसले नाहीत म्हणून लोक नाराज होतात, म्हणून हे आधी सांगून ठेवलं. आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारला, त्यापेक्षा जास्त लागला नाही.

एक चूक माझ्या हातून झाली आणि ती इथं लिहायलाच हवी. जागा कमी पडत होती म्हणून काकडीचं एक आळं जुन्या भोपळ्याच्याच जागेवर केलं. मी म्हटलं, खणलंय, तापलंय, चालेल. दोन आठवड्यांनी वहिनींचा आवाज आला, "ताई, मच्छरदाणीच्या आत भुंगेरे!" खरंच, आत सात-आठ तांबडे भुंगेरे. जाळी कुठंही फाटलेली नव्हती. ते बाहेरून आलेच नव्हते. खणताना सुटलेल्या कोषांतून ते मातीतून वर आले होते आणि आम्हीच त्यांना रोपांसकट कोंडून ठेवलं होतं. बाहेर असते तर निम्मे उडून तरी गेले असते. त्या आळ्यातली दोन्ही रोपं गेली. मच्छरदाणी घालायची तर नव्या जागेवर, जिथं आधीच्या हंगामात काकडी-भोपळा नव्हता अशा आळ्यावर. त्या जुन्या जागी आम्ही मग मेथी टाकली, तिला यांचा काही त्रास नाही.

बाकी आळ्यांवर तीन आठवड्यांत वेली जाळीला टेकल्या. जोतिबाच्या यात्रेच्या सुमाराला पहिल्या कळ्या दिसल्या आणि मच्छरदाण्या काढल्या. आण्णांना अजून आठवडाभर ठेवायच्या होत्या. पण फुलापर्यंत मधमाशी आणि पाकोळी पोचली नाही तर फळ धरत नाही. काकडीचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, म्हणजे दोन्ही वेळा दार उघडं हवं. मच्छरदाणी काढल्यावर भुंगेरे आलेच. मोठ्या पानांना गोल भोकंही पडली. नातवाच्या वहीत तेव्हा रोजचे चार-पाच लिहिलेले आहेत, पहिल्या सकाळच्या एकतीसच्या जागी. वेलींनी ते पचवलं. मे महिन्यात दिवसाआड तीन-चार काकड्या आणि आठवड्याला दोनदा दोडका निघत होता. जमिनीला टेकलेल्या दोन काकड्यांना खालून भोकं पडली, तेव्हापासून फळाखाली करवंटीचा तुकडा ठेवायला लागलो.

शेवटची तोडणी झाल्यावर या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. आण्णांनी त्याच आठवड्यात वेली काढल्या आणि आळी खणली. वांग्यावरचा एपिलॅक्ना अजून आहे. पानाच्या मागं उभी लावलेली त्याची पिवळी अंडी असतात, ती वहिनी दर रविवारी पान उलटून बघतात आणि बोटानं चिरडतात.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर राख कामाची राहिली नाही, ती डब्यात भरून ठेवली. पावसाळी टोकणी पुन्हा मच्छरदाणीखाली केली, आठ रोपं. नातवानं दुधीचं एक रोप मुद्दाम बाहेर, उघड्यावर लावलं, "बघायला." चौथ्या दिवशी वहीत त्यानं लिहिलं आहे: बाहेरच्याची काडी उरली, आतली आठही उभी.